मुलगा म्हणतो, आईला सिनेमा कळत नाही

गंगाखेड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देतो:

‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय त्रेपन्न. मुलगा पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेतो. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, आई, तुला चांगले सिनेमे दाखवतो. एक दिवस “पथेर पांचाली” लावला. मी रडले, तर म्हणाला, आई, रडायचं नसतं, बघायचं असतं. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला “कोर्ट” लावला. त्यात मला झोप लागली. ती सरकारी वकील बाई लोकलनं घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते, तेवढं मात्र मी टक्क जागी राहून पाहिलं. मला “माहेरची साडी” आवडतो. लग्नाचं पहिलं वर्ष होतं, नणंदेसोबत पाहिला होता. “बाईपण भारी देवा” आम्ही शाळेतल्या सात जणींनी गाडी करून परभणीला जाऊन पाहिला. हे मुलानं त्याच्या मित्रांना सांगितलं आणि हसून म्हणाला, आमच्या आईची आवड तसलीच आहे. तेव्हापासून टीव्हीवर काही लावायचं तर मला लाज वाटते. माझी आवड हलकी आहे का? आणि या लेकराशी सिनेमाबद्दल बोलू तरी कसं?’

ताई,

तुमची आवड हलकी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्रात तुम्ही तेच दोनदा विचारलं आहे. का नाही, ते सांगायला मात्र मला थोडी जागा लागेल.

‘कोर्ट’पासून सुरू करतो. तुमच्या पत्रातलं त्या वकील बाईबद्दलचं वाक्य मी परत परत वाचलं. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पदार्पणातल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गोष्ट एका म्हाताऱ्या शाहिराची आहे. गटारात उतरून काम करणारा एक माणूस मरतो, आणि शाहिराचं गाणं ऐकून त्यानं जीव दिला असा खटला उभा राहतो. तारखांवर तारखा पडतात. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील कोर्टात कलमांमागून कलमं वाचते, आवाजात चढ नाही की उतार नाही. मग कोर्ट सुटतं आणि कॅमेरा तिच्यामागे लोकलमध्ये चढतो. शेजारच्या बाईशी साडीच्या गप्पा, स्वयंपाकाच्या गप्पा, मग पोरगं, मग घर, मग गॅस.

सगळा चित्रपट या जागेवर उभा आहे. ती बाई खलनायिका असती तर तुम्ही-मी सुटलो असतो. तिच्या नावानं बोटं मोडून घरी गेलो असतो. पण ती वाईट नाही. थकलेली आहे, घाईत आहे, घरी चार तोंडं वाट बघत आहेत, आणि याच बाईच्या रोजच्या कामातून एक म्हातारा निष्कारण तुरुंगात सडतो. ताम्हाण्यांना हेच दाखवायचं होतं. तुम्ही दिवसभर हजेरी, पोषण आहार आणि ऑनलाइन भरायच्या माहितीत घालवून घरी येता, पाय धुता आणि कुकर लावता. म्हणून पडद्यावरच्या त्या बाईचं घरी जाणं तुम्हाला दिसलं. मुलाच्या वर्गात या प्रसंगावर बोलताना कॅमेरा किती लांब ठेवला आहे, दृश्य किती वेळ न कापता चालू दिलं आहे, हे सांगत असतील. तेही खरं आहे. कॅमेरा लांब आहे म्हणूनच ओसरीवरून समोरच्या घरातली बाई पाहावी तशी ती आपल्याला दिसते. मुलगा कॅमेऱ्याच्या बाजूनं त्या जागी पोचला असेल, तुम्ही स्वयंपाकघराच्या बाजूनं पोचलात. जागा एकच आहे.

झोप लागली त्याचं मनाला लावून घेऊ नका. पहाटे साडेपाचला उठणाऱ्या बाईनं रात्री दहाला ‘कोर्ट’ पाहायला बसूच नये. या चित्रपटात संगीत येऊन आपल्याला हलवून जागं करत नाही. तिथं पाहणाऱ्यानं स्वतः जागं राहायचं असतं, आणि त्याला दिवसाचा ताजा वेळ लागतो. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नको, सकाळी दहाला लावा. उरलेला अर्धा पाहा. शेवटी न्यायाधीश सुट्टीवर गेलेले आहेत, तो भाग चुकवू नका.

आता ‘माहेरची साडी’. १९९१ साली विजय कोंडके यांचा हा चित्रपट आला तेव्हा मी एका दैनिकात नुकता लिहायला लागलो होतो. पंचविशीचं वय, शहरात नवीन, चार परदेशी चित्रपट फिल्म सोसायटीत पाहिलेले. मी त्या चित्रपटाची भरपूर टिंगल केली. नांदेडकडे आमच्या भागात बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तो पाहायला येत होत्या, पदरात भाकरी बांधून. त्यांचीही टिंगल केली. लोकांनी तो लेख वाचून दाखवला एकमेकांना, मला बरं वाटलं.

माझी मोठी बहीण कंधार तालुक्यात दिलेली. राखीला आली तेव्हा तिनं तो लेख भाच्याकडून वाचून घेतलेला होता. जेवताना म्हणाली, ‘आम्ही काय अलका कुबलसाठी रडलो व्हय रे? तिथं अंधार होता. माझी सासू बाजूला बसली होती अन् तीबी रडत होती. रडतीस कामून, असं इचारणारं कुणी नव्हतं.’

एवढं बोलून तिनं मला भाजी वाढली. मी काही बोलू शकलो नाही. ज्या सासूपुढं तिनं वर्षानुवर्षं डोळ्याला पदर लावला नव्हता, त्या सासूच्या शेजारी बसून ती तीन तास रडली होती, आणि सासूही तिच्या स्वतःच्या जुन्या सासूरवासावर रडत होती. मी पडदा पाहून आलो होतो, खुर्च्या पाहिल्याच नव्हत्या. त्यानंतर कुठल्याही चित्रपटावर लिहिण्याआधी मी तो लोकांमध्ये बसून पाहतो. खास समीक्षकांसाठी ठेवलेल्या खेळाला गेलो तरी तिकीट काढून पुन्हा जातो.

म्हणून चित्रपटाबद्दलचं माझं मत बदललं का? नाही, आणि तेही तुम्हाला सांगायला हवं. ‘माहेरची साडी’ सोसणाऱ्या बाईची आरती करतो. सासरच्यांचं मन पालटावं एवढंच त्याचं मागणं आहे. ही बाई उंबरा ओलांडून निघून जाईल, हे त्याच्या मनातही येत नाही. आणि त्यात आधी संगीत रडतं, मग नायिका रडते, मग आपण. आपल्या डोळ्यांना पाणी यायला मोकळीकच ठेवलेली नाही. तुमच्या मुलाला हे खटकत असेल तर त्याचं बरोबर आहे. चित्रपटात खोट असू शकते आणि तो पाहून आलेलं रडणं तरीही खरं असू शकतं. या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या सुट्या करून द्यायचं काम तुमचं.

आणि ते करायला ‘पथेर पांचाली’च कामाला येईल. १९५५चा हा चित्रपट, सत्यजित राय यांचा पहिला. पैसे संपले म्हणून कितीदा तरी थांबलेला, शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशानं पुरा झालेला. तुम्ही त्यात कुठं रडलात ते लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो. वादळानं घराची दैना झालेली. पोरगी दुर्गा तापानं गेली हे त्याला ठाऊक नाही. तो हौसेनं पिशवीतून एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो, आणि शेवटी पोरीसाठी आणलेली साडी पुढं करतो. सर्वजया ती साडी हातात घेते, आणि इतका वेळ दगडासारखी बसलेली ती बाई कोसळते.

तिथंही साडीच आहे, ताई. मुलाला विचारा, हे तुझ्या लक्षात आलं होतं का.

आता कानांनी तो प्रसंग पुन्हा आठवा. सर्वजयाचं तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज येत नाही. तिच्या रडण्याच्या जागी रायांनी तारशहनाई या वाद्याचा सूर ठेवला आहे, वर वर चढत काळजात घुसणारा. रायांनी आईचा हंबरडा काढून घेतला आणि तो ऐकायचं काम आपल्यावर टाकलं. प्रत्येकाला तिथं आपल्या ओळखीचा हंबरडा ऐकू येतो. मला माझ्या आत्याचा येतो, तिचा मुलगा विहिरीत गेला तेव्हाचा. ‘रडायचं नसतं, बघायचं असतं’ असं तुमचा मुलगा म्हणाला, पण खुद्द रायांनी हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहण्यासाठी केलेला नाही. रडणं म्हणजेच तिथलं पाहणं आहे. फक्त रडून झाल्यावर एकदा मागं वळून विचारायचं, आपण नेमके कुठं आणि कशानं रडलो? एवढा एक प्रश्न विचारायला मी गेली तीस वर्षं लोकांना सांगतो आहे. समीक्षेची सुरुवात तिथूनच होते.

याच वाटेवरची आणखी एक जागा दाखवतो, आपल्या जवळची. २०१६चा एप्रिल तुम्हाला आठवत असेल. लातूरला पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. टाकीभोवती जमावबंदी होती. त्याच महिन्याच्या शेवटी, २९ तारखेला, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. मी तो लातुरात पाहिला. बाहेर पाण्यासाठी घागरींच्या रांगा, आणि आत पोरं गाण्यांवर उभी राहून नाचत होती. मध्यंतरानंतर नाच कमी होत गेला. शेवटी ते लहानगं लेकरू रक्तात पाय भरवून बाहेर येतं आणि रडतं, आणि मंजुळ्यांनी सगळा आवाज बंद केलेला आहे. शिट्ट्या मारणारी पोरं मान खाली घालून बाहेर पडली. चपलांचा आवाज येत होता तेवढाच.

कॉलेजात न गेलेली, राय हे नाव न ऐकलेली ती पोरं होती. ‘पथेर पांचाली’त आवाजाच्या जागी तारशहनाई आहे, ‘सैराट’मध्ये काहीच नाही, पण दोन्हीकडे रडणं आपल्याला दिसतं आणि ऐकू येत नाही. ‘माहेरची साडी’त ते पुरेपूर ऐकू येतं. दिवाळीत मुलासोबत पुन्हा बसाल तेव्हा हे तीन प्रसंग एकापाठोपाठ लावा. पूर्ण चित्रपट नकोत, फक्त ते प्रसंग. आणि काही शिकवायला जाऊ नका, त्यालाही शिकवू देऊ नका. दोघांनी आपापलं सांगायचं: मला इथं हे दिसलं, मला इथं हे ऐकू आलं. चांगलं की वाईट हे बोलायचंच नाही, निदान पहिला चहा होईपर्यंत.

‘बाईपण भारी देवा’बद्दल माझं मत थोडक्यात सांगतो. २०२३च्या जूनअखेर तो आला. केदार शिंदे यांनी सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा घेतली आणि महाराष्ट्रभर बायकांनी गाड्या केल्या. चित्रपट म्हणून तो घाईत आहे. वर्षानुवर्षांच्या अढी एकेका संवादात सुटतात, दुःख नीट बसायच्या आत कुणीतरी फेर धरतं. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी समोरासमोर येतात तिथं मात्र तो थांबतो, आणि तेवढ्या जागा मला मनापासून आवडल्या. पण माझ्या मते खरी गोष्ट पडद्याच्या अलीकडं घडली. १९९१ला तुम्ही नणंदेसोबत गेलात आणि अंधारात रडलात. २०२३ला सात जणींनी स्वतःच्या पैशानं गाडी केली, घरी काय शिजेल याची सोय लावली की नाही कोण जाणे, आणि उजेडात हसत परत आलात. या बत्तीस वर्षांत तुम्ही नोकरी केली, मुलाला पुण्याला धाडलं. तो प्रवास तुमच्या मुलाला ठाऊक नाही. त्या दिवशी गाडीत काय काय बोलणं झालं ते त्याला सांगा. तो पुढं चित्रपट करणार असेल तर त्याला ते लागेल.

आता त्याच्याबद्दल. तो मित्रांसमोर हसला, ते चुकलं त्याचं. पण मी आपल्या भागातून पुण्या-मुंबईला गेलेली अशी खूप पोरं पाहिली आहेत. वर्गात काही जण असे असतात ज्यांच्या घरी लहानपणापासून जगभरचे चित्रपट पाहिले गेले. आपलं पोरगं विसाव्या वर्षी पहिल्यांदा ती नावं ऐकतं आणि रात्री जागून भरपाई करायला लागतं. आधी बोली टाकतं. ‘कामून’चं ‘का’ होतं, ‘लई’ तोंडातून गळतं. मग गावाकडची आवड टाकतं. त्याला भीती असते की आई उघडी पडली तर आपणही उघडे पडू. तुमचा मुलगा तुम्हाला हसला असेल, पण त्या हसण्यामागं तो स्वतःलाच झाकत होता असं मला वाटतं.

बोलीचं निघालंच आहे तर मनातलं एक बोलून घेतो. आपली मराठवाड्याची बोली मराठी पडद्यावर बहुतेक वेळा हसवायला आली. नोकर, सरपंचाचा चमचा, शहरात आलेला भांबावलेला पाहुणा. आपल्याकडच्या गुणी नटांनी त्या भूमिकांतही जीव ओतला, त्यांचं ऋण आहेच. पण आपल्या बोलीत कुणी प्रेम करतं, विचार करतं, मरतं, हे फार कमी वेळा दिसलं. ‘सैराट’ करमाळ्याचा, म्हणजे आपल्या परांड्याच्या शेजारचा तालुका. त्यातली पोरं आपल्याशी मिळत्याजुळत्या बोलीत प्रेम करत होती आणि त्यांच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. लातूरच्या थिएटरात मला त्याचं जितकं वाटलं तितकं गाण्यांचंही वाटलं नव्हतं. तुमच्या मुलानं पुण्यात राहून काय टाकावं आणि काय जपावं याचं उत्तर त्याला अशा चित्रपटातून मिळेल, माझ्या-तुमच्या उपदेशातून नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोघांनी मिळून काय पाहावं ते सुचवतो.

मंजुळ्यांचाच ‘फँड्री’ आधी. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून. शाळेशेजारी जब्या या शाळकरी पोराचं कुटुंब डुक्कर धरत असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच उभा राहतो. घरचेही थांबतात. डुक्कर निघून जातं. पुढं मेलेलं डुक्कर काठीला टांगून तो आणि घरचे शाळेच्या भिंतीवरून जातात, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. तशी भिंत तुमच्या शाळेलाही असणार. तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी ती रंगवून घेत असाल, रंगाऱ्याशी पैशावरून घासाघीस करत असाल. ‘फँड्री’ पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत गेलात की त्या भिंतीपुढं थोडं थांबाल. यावर तुम्ही मुलाला जे सांगू शकाल ते त्याचे प्राध्यापकही सांगू शकणार नाहीत.

मग ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा, २०२५च्या मार्चमध्ये आलेला, विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. सुरुवातीलाच बायका एका मुलाला पाहायला येतात आणि त्याला समोर बसवून प्रश्न विचारतात. आपण हसतो. मग कळतं की हे त्या मुलीचं स्वप्न होतं. उरलेला चित्रपटभर तिलाच बसवलं जातं, पुन्हा पुन्हा, त्याच प्रश्नांपुढं: नाव, शिक्षण, उंची. सोमलकरांनी तो प्रसंग कंटाळा येईपर्यंत परत परत दाखवला आहे, कारण मुलीलाही तो तितक्यांदा सोसावा लागतो. बापाच्या कापसाला भाव नाही आणि पोरीच्या लग्नाला पैसा हवा, ही गोष्ट परभणीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अलीकडच्या मराठी चित्रपटांत मला हा सगळ्यात खरा वाटला. यातही कुणी मोठ्यानं रडत नाही. आणि तो ‘माहेरची साडी’चाच प्रश्न विचारतो, फक्त लग्नाच्या अलीकडून. मुलगा पुण्याला परत जायच्या आधी हा नक्की पाहा.

आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला, नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावरचा. पाण्यावाचून गावात मुलगी कुणी देत नाही, म्हणून गावात पाणी आणायला निघालेला माणूस. थोडा गोड केलेला आहे, पण त्यातला उन्हाळा आपला आहे.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, मराठी चित्रपटाला तिथं असं यश पूर्वी मिळालेलं नव्हतं. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा मुलगा गावी येतो. त्याला पुरुष आवडतो, आणि आईला ते माहीत आहे. पाहायला अवघड जाईल असं आधी वाटेल. पण त्या आई-मुलाचं एकमेकांशी हळू आवाजात बोलणं ऐका. तुम्ही विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात जास्त चांगलं आहे.

आणि एक जुना: प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६चा. दामले आणि फत्तेलाल यांचा. मुलानं अभ्यासात पाहिला असेल, १९३७ला व्हेनिसला गौरवलेला चित्रपट म्हणून. त्यानं विष्णुपंत पागनिसांचं गाणं आणि वैकुंठाला जाणारं विमान पाहिलं असेल. तुम्ही आवलीकडं लक्ष ठेवा. लेकरू तापानं फणफणलेलं असताना ती तरातरा देवळात जाते आणि पांडुरंगालाच जाब विचारते. गौरी या नटीनं हे काम असं केलं आहे की नव्वद वर्षांनंतरही ती आपल्या गल्लीतली वाटते. तुकोबांच्या भक्तीइतकंच चुलीपुढच्या आवलीचं म्हणणंही त्या दोघा दिग्दर्शकांनी ऐकून घेतलं आहे. अभिजात म्हणतात ते चित्रपट परीक्षेसाठी असतात असं ज्याला वाटतं त्याला मी हा प्रसंग दाखवतो.

राहिलं मुलाशी बोलायचं. मित्रांसमोर हसलास त्यानं मला वाईट वाटलं, हे त्याला एकदा सांगा. एकटा असताना सांगा, फोनवर नको. कारणं देऊ नका, टोमणा मारू नका, दुसऱ्यांदा काढू नका. आणि टीव्हीवर तुम्हाला जे पाहायचं ते लावा. तो घरी असला तरी लावा. त्याला तुमच्यासोबत पाहायचं असेल तर तो बसेल, आणि बसला की काय दिसलं ते विचारा.

तुम्ही लिहिलं आहे की मुलाला अजून कथा सुचत नाही, वर्गात पाच मिनिटांचा चित्रपट करायचा आहे. त्याला परभणीच्या त्या गाडीत बसवा. सात शिक्षिका, जाता-येता दोन तास, खिडकीबाहेर कापूस. परत येताना कुणी फुगडीचं गाणं काढलं आणि कोण गप्प बसून राहिली, हे तुम्हालाच माहीत आहे.